खव्याचं पारणं

भाऊजी,

तुम्हाला जाऊन महिना झाला. परवा अमेरिकेहून नातवंडांचं पत्र आलं. शुभानं सरळच विचारलं आहे, "आजी, धाकटे आजोबा उपासानं गेले का?" खाली अनिलनं लिहिलं आहे, की त्याच्या ओळखीचे काही जण वजन उतरवायला नुसत्या पाण्यावर राहू लागले आहेत, ते म्हणतात पूर्वीची माणसं हेच करत, तर आजी, यात खरं किती?

मी कागद घेतला, समास आखला, "प्रिय शुभा आणि अनिल" एवढं लिहिलं आणि थांबले. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. प्रश्नाला मुद्देसूद उत्तर कसं द्यावं हे किती मुलींना शिकवलं असेल. पण या प्रश्नाला "हो" लिहिलं तर ते अर्धं होत होतं आणि "नाही" लिहिलं तरी अर्धंच. शिवाय तुमच्याशी माझं भांडण अजून पुरं व्हायचं आहे. ते तसंच ठेवून मला दुसऱ्या कुणाशी नीट बोलता येत नाही. म्हणून हा कागद तुमच्या नावे. मुलांना तो जसाच्या तसा पाठवीन.

मुलं लहानपणीच परदेशी गेली, त्यांना तुम्ही फक्त सुट्टीतले आठवता. सायकलवर पुढे एक, मागे एक बसवून शेजारच्या ईट गावच्या बाजाराला नेणारे. मी हैदराबादेत कॉलेज करून या गावात सून म्हणून आले तेव्हा घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. सासूबाईंना त्याचं भय वाटायचं आणि तुमच्या भावाला संकोच. तुम्ही मात्र जेवणं झाली की कंदील माझ्यापुढे सरकवायचात आणि म्हणायचात, "वहिनी, आज जगात काय झालं ते सांगा." या घरात माझ्या शिक्षणाला पहिली जागा दिलीत ती तुम्ही. पुढे तुमचे भाऊ गेले, मुलगा-सून लांब गेले. तुम्ही लग्न केलंच नव्हतंत. घरात आपण दोघं उरलो, आणि आपली भांडणं.

सगळ्यात जुनं भांडण उपासाचं.

ते सुरू झालं बहात्तरच्या दुष्काळात. तुम्ही रस्त्याच्या कामावर हजेरी घ्यायला होतात. दुपारी माणसं सरकारनं वाटलेल्या सुकडीच्या पिठाची मूठ पाण्याबरोबर गिळायची आणि पुन्हा खडी फोडायला बसायची. त्यांच्यासमोर तुम्हाला डबा उघडवेना. तो तसाच घरी यायचा. दिवसभर पाण्यावर राहायचात आणि रात्री एकदा जेवायचात. दोन-तीन महिन्यांत तुमचं जुनं पित्त गेलं, आणि तेवढ्यावरून तुम्ही ठरवून टाकलंत की न खाणं हे औषध आहे. मग कुठल्याशा निसर्गोपचार आश्रमात जाऊन आलात, पुस्तकं आणलीत, आणि दर उन्हाळ्यात चार-पाच दिवस नुसत्या पाण्यावर राहू लागलात.

मी म्हणायची, "त्या कामावर ज्यांना खायलाच मिळत नव्हतं, त्यांचे कुठले आजार गेले? बायकांचे केस गळाले. पोरांची पोटं फुगली."

तुम्ही म्हणायचात, "ती उपासमार वहिनी. माझा उपास. फरक हाय."

"तो फरक शरीराला कोण सांगतं?"

यावर तुम्ही हसायचात आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचात.

दुष्काळ ओसरल्यावर तुम्ही दूध सोसायटी काढलीत. म्हशींना कर्ज मिळवून दिलंत, रोज पहाटे स्वतः दूध मोजून घेतलंत. सगळं गाव तुम्हाला नाना म्हणू लागलं. पण गेली काही वर्षं सोसायटीत दोन तट पडले होते. वरच्या आळीचं म्हणणं, सभासदानं सगळं दूध सोसायटीच्या टँकरला घालावं. खालच्या आळीत खव्याच्या भट्ट्या. त्यांचं म्हणणं, दूध आमचं, आम्ही आटवू नाही तर घालू. वरच्या आळीचा म्होरक्या महालिंग, खालच्या आळीचा बब्रुवान. दोघंही तुमच्याच हाताखाली तयार झालेले. ते एकमेकांच्या घरच्या लग्नालाही जाईनात. तुम्ही मध्ये बसून बोलून थकलात. यंदा दुष्काळ पुन्हा दाराशी आला, चारा महागला, आणि सोसायटी फुटून दोन होणार अशी बातमी आली.

त्याच सुमाराला तुमचा गुडघा सुजला. जिना चढवेना. रक्तदाबाची गोळी चालू होतीच. तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, या टायमाला जरा लांबचा उपास धरतो. गुडघा नीट होईपर्यंत."

"कुणाला विचारलंत?"

"माझ्या गुडघ्याला."

मी तीन दिवस बोलले नाही तुमच्याशी. तरीही पाणी उकळून, गाळून, गार करून देत राहिले. गावाला टँकरचं पाणी, त्यात तुम्ही दुसरं काही घेत नव्हतात. ते तरी स्वच्छ असावं.

मुलांनो, अनिलच्या मित्रांना सांगण्यासारखं जे आहे ते इथे लिहिते, कारण ते मी रोज पाहिलं. पहिले दिवस वाईट गेले. डोकं दुखलं, चिडचिड झाली. मग भूक खरंच मेली. भाऊजी, तुमच्या चेहऱ्यावर एक तेज आलं, मी ते नाकारणार नाही. म्हणालात, अंग पिसासारखं झालंय. गुडघ्याची सूज उतरली, तुम्ही अंगणात न लंगडता चालून दाखवलंत. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ते खरं होतं. जिभेवर पांढरा थर आला तो आरशात बघून तुम्ही खूश झालात, "बघा वहिनी, घाण बाहेर पडायली." श्वासाला पिकून नासलेल्या फळासारखा वास येऊ लागला, तोही तुम्हाला पुस्तकात सापडला.

दुसरा आठवडा सरला आणि पुस्तकातलं संपलं. उठताना तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. एकदा मोरीच्या दाराशी खाली बसलात ते उठवेना. उन्हानं पत्रे तडतडत होते आणि तुम्ही घोंगडी मागत होतात. दंडाचं मांस गेलं. बोलणं सावकाश झालं, एखादा शब्द हरवायचा. मी तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण मनुष्य, मोटरसायकलवर आले. नाडी धरून बराच वेळ बसले. रक्तदाबाची गोळी तुम्ही आपल्या मनानं कधीच बंद केली होती, ते ऐकून म्हणाले, "ती बंद करायची तर माझ्या देखरेखीखाली करायला हवी होती. आणि हा उपास तर मी सुरूच करू दिला नसता." मग मला बाहेर ओसरीवर आणून त्यांनी हळू आवाजात समजावलं, "बाई, आता मला भीती उपासाची नाही एवढी, सोडण्याची आहे. इतके दिवस उपाशी शरीराला एकदम गोड किंवा पोटभर दिलं, की रक्तातले उरलेसुरले क्षार त्या अन्नाबरोबर पेशींमध्ये ओढले जातात. हृदयाला चालायला लागतात तेवढेही रक्तात राहत नाहीत. महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली माणसं अशी जेवून मेली आहेत. सोमवारी यांना दवाखान्यात आणा. तिथं रक्त तपासू आणि चमच्या-चमच्यानं सुरू करू."

तुम्ही आतून ऐकलंत आणि हसलात. "डॉक्टर, जेवून मेलेला माणूस आमच्या तालुक्यात अजून कुणी बघितला न्हाय."

पण सोमवारी यायचं कबूल केलंत. एवढं माझ्यासाठी केलंत, ते मी विसरले नाही. मी तुमचे कपडे पिशवीत भरून ठेवले. तांदूळ धुऊन, वाळवून, पेजेसाठी भरडून घेतले.

त्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी महालिंग आणि बब्रुवान एकत्र आपल्या दारात उभे राहिले. कित्येक वर्षांत मी त्यांना एकाच उंबऱ्यावर पाहिलं नव्हतं. बब्रुवाननं टोपी काढली. महालिंग तुमच्या खाटेपाशी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "नाना, आमच्यापायी तुमी जीव द्यायलाव. लई झालं. सोसायटी एकच राहील. सकाळचं दूध टँकरला, सांजचं भट्टीला. आमचं ठरलंय."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही डोळे मिटलेत. त्यांना वाटलं, समाधानानं. मला माहीत होतं, तुम्ही माझी नजर चुकवलीत.

ते गेल्यावर मी म्हणाले, "भाऊजी, तुम्ही गुडघ्यासाठी उपास धरलात."

"व्हय."

"मग त्यांना तसं सांगा."

"कशाला? मी बोल बोल बोललो तवा झालं न्हाय. न बोलता झालं."

"हे खोटं आहे."

"मी कुठं काय बोललो, वहिनी?"

मी शाळामास्तरीण. खोटं म्हणजे खोटं. पण तुमच्या त्या खोल गेलेल्या डोळ्यांत मी तुम्हाला फार दिवसांनी इतकं सुखी पाहत होते, की पुढचं वाक्य मला जुळवता आलं नाही. ते भांडण तिथंच राहिलं.

रविवारी सकाळी ते तुम्हाला न्यायला आले. सोसायटीच्या अंगणात त्यांनी मोठी कढई चढवली होती. दोन्ही आळ्यांचं दूध एका कढईत ओतून, दोन्हीकडच्या माणसांनी पाळीपाळीनं ढवळून खवा केला होता. नानांचं पारणं त्याच खव्यावर व्हायचं. हलगी लावली होती. मी दारात आडवी उभी राहिले. "त्यांना आज काही द्यायचं नाही. दवाखान्यात चमच्यानं पेज द्यायची आहे. डॉक्टरांनी बजावलंय."

महालिंग म्हणाला, "बाई, डाक्टर लेकरू हाय. एवढा मोठा उपास, अन् पेजेवर सोडायचा? सुतकाचं घर हाय का हे?" सगळे हसले.

बब्रुवान म्हणाला, "बाई, खवा म्हंजे आटलेलं दूधच की. दुधानं कुणाला बाधलंय? तुमी इंग्रजी शिकवा, खव्याचं आमच्यावर सोडा."

पुन्हा हशा. त्या हशात मत्सर नव्हता, द्वेष नव्हता. सणाच्या दिवशी माणसं हसतात तसं ते हसणं होतं. त्याच्याशी कसं भांडायचं ते मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. मी तालुक्याला माणूस पाठवला. डॉक्टर रविवारचे आपल्या गावी गेलेले. मी तुमच्या कानाशी वाकून म्हणाले, "नुसतं ओठाला लावा. लावून खाली ठेवा. त्यांचाही मान राहील."

"एक घास, वहिनी. एक याचा, एक त्याचा. एकाचा घेतला अन् दुसऱ्याचा न्हाय, तर पुन्हा फुटायचं सगळं."

खुर्चीसकट उचलून त्यांनी तुम्हाला नेलं.

महालिंगनं भरवलं. बब्रुवाननं भरवलं. तुम्ही हात जोडलेत, मला वाटलं, सुटलो आपण. मग महालिंगची म्हातारी आई पुढे आली, "खा की माझ्या लेकरा, किती सुकलास," आणि तिच्या मागून दोन्ही आळ्यांतल्या बाया. आणि भाऊजी, तेव्हा मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तुम्ही आता कुणाचा मान राखत नव्हतात. तुम्हाला भूक लागली होती. कुठे निजली होती ती सगळी भूक त्या दोन घासांनी उठली होती. तुम्ही लहान मुलासारखे खात होतात, बोटं चाटत होतात, हनुवटीला खवा लागला होता. तुमचे डोळे भरून आले होते आणि कुणी न देताच तुम्ही द्रोणाकडे हात नेत होतात. मी दोन पावलांवर उभी होते. द्रोण ओढून घेता येत होता. पण इतक्या दिवसांच्या उपाशी माणसाच्या हातातून, सगळ्या गावासमोर, कोण ओढून घेईल? आणि खरं सांगू? इतके दिवस ज्या तोंडात पाण्यापलीकडे काही गेलं नव्हतं, ते हलताना पाहून माझा जीव क्षणभर निवला.

त्या दिवशी तुम्ही ठणठणीत होतात. संध्याकाळी दूध-भाकरी मागितलीत, वर गूळ. मी पेज पुढे केली. तुम्ही म्हणालात, "आता ही कशाला?" सोमवारी सकाळी दवाखान्यात जायचं म्हटलं तर, "आता कशाचा दवाखाना? उपास सुटला की." पावलं सुजली होती. बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहत होता. सूज बघून तुम्ही म्हणालात, "बघा, अंग धरायलंय." दुपारनंतर धाप लागू लागली. मंगळवारी उजाडल्यावर मला विचारलंत, "रस्त्यावरची हजेरी झाली का? माणसं आली का सगळी?" मी म्हणाले, झाली. तुमचं समाधान झालं. मला दुसरं काय म्हणता येणार होतं?

मी धाडलेल्या माणसाबरोबर डॉक्टर आले, नाडीवर बोटं ठेवली, आणि त्यांचं तोंड उतरलं. "बार्शीला हलवा. आत्ताच्या आत्ता." दुधाच्या टेम्पोतले कॅन भराभर खाली उतरवले गेले. एका बाजूनं महालिंग, एका बाजूनं बब्रुवान तुम्हाला धरून बसले, पायाशी मी. बार्शीची घरं दिसू लागली होती. महालिंग म्हणत होता, "आलं नाना, आलंच." तुमची मान त्याच्या खांद्यावर कलली तरी बराच वेळ तो तेच म्हणत राहिला. मी तुमचे पाय धरून बसले होते. ते गार झाल्याचं मला त्याच्याआधी कळलं.

तर शुभा, उत्तर असं आहे. उपासानं त्यांचं मांस नेलं, रक्तातलं बळ नेलं, चालताना पडायला लावलं. गुडघाही बरा केला, तेही लिहिते, कारण अर्धं लिहून मी त्यांच्याशी जिंकणार नाही. पण त्यांचा जीव गेला तो सोडताना. अनिल, तुझ्या मित्रांना सांग: आजार असताना, गोळ्या चालू असताना, डॉक्टर जवळ नसताना इतके दिवस नुसत्या पाण्यावर राहू नका. आणि कुणी राहिलाच, तर पहिला घास सणाचा नसावा. ते हसतील. तरी सांग.

भाऊजी, आता आपल्या दोघांतलं.

इथे सगळे म्हणतात, नानांनी सोसायटीच्या एकीसाठी देह ठेवला. काल बब्रुवान तुमचा फोटो मागायला आला. सोसायटीच्या कचेरीत लावायचा, खाली तेच वाक्य रंगवून घ्यायचं. मी फोटो काढून दिला आणि मला राहवेना. म्हणाले, "बब्रुवान, ते वाक्य घालू नका. नानांनी उपास तुमच्यासाठी धरला नव्हता. गुडघ्यासाठी धरला होता."

मला वाटलं, हा कोसळेल. तो फोटोवरची धूळ बाहीनं पुसत राहिला.

"म्हाईत हाय की, बाई."

"काय माहीत आहे?"

"गुडघ्याचं. रोज सकाळी माझ्याच भट्टीपाशी बसून शेकत होते न्हवं का. उपास धरणार म्हणून मलाच आधी बोलले. म्या महालिंगाला सांगितलं. त्यालाबी म्हाईत."

"मग तुम्ही दोघं त्या दिवशी दारात येऊन…"

"लई वरसं झाली होती, बाई. दोघांनाबी मिटवायचं होतं. पर आधी कुणी वाकायचं? नानांच्या नावानं वाकलं तर कुणाची मान खाली जात न्हाय. नानांनी डोळे मिटले, तवा वाटलं, त्यांनाबी कळलंय. मोठा माणूस, सांभाळून घ्यायलाय."

मी खुर्चीवर बसले. मग विचारलं, "बब्रुवान, नाना त्या दिवशी म्हणाले असते, की खवा नको, मला डॉक्टरांकडे जायचंय, तर?"

त्याला प्रश्नच कळला नाही.

"तर काय, बाई? कढई तर झालीच होती. आमीच वाटून खाल्ला असता."

मग त्याला कळलं. फोटो छातीशी धरून तो पायऱ्या उतरून गेला.

मी काल रात्रीपासून तुमच्याशी तेवढंच बोलते आहे. नुसतं नको म्हणायचं होतं, भाऊजी. कुणालाच काही वाटणार नव्हतं.